लालला लाल

दुपारी तीनला दादा जरा आडवा होणार होता. दुकान म्हणजे घराच्याच खालची खोली. शटर अर्धं ओढायचं, जुन्या सीटचा फोम उशाला घ्यायचा आणि अर्धा तास डोळे मिटायचे, एवढीच त्याची चैन. तीस वर्षं मोटरसायकलींच्या वायरिंगमध्ये डोकं घालून त्याच्या मानेचं आणि कंबरेचं आपसात काहीतरी ठरल्यासारखं झालं होतं. एक दुखायची थांबली की दुसरी सुरू. त्याने शटरला हात घातला आणि रस्त्याच्या वळणावर त्याला धाकटा दिसला. गाडीवर बसून नाही, गाडी ढकलत.

"झोप गेली," दादा स्वतःशीच म्हणाला.

धाकटा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ, आठ वर्षांनी लहान. आता तोही काही लहान राहिला नव्हता, चाळिशी उलटून गेली होती. पण घरात एकदा धाकटा म्हटलं की माणूस टक्कल पडेपर्यंत धाकटाच. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हँडलला कापडी पिशवी लटकवलेली, आणि पिशवीत गाडीची बॅटरी. दुकानासमोर गाडी स्टँडवर लावून तो बाजूला उभा राहिला, अंग चोरून.

"काय झालं?"

"बॅटरी उतरली होती. शेजारच्यांच्या मोटारीच्या बॅटरीला चिमट्यांच्या वायरी जोडून जंप मारला. मोठी ठिणगी उडाली, सीटखालून धूर आला. मी लगेच चिमटे ओढले आणि बॅटरीच काढून ठेवली."

"उलटं लावलंस."

"नाही दादा. लालला लाल, काळ्याला काळं."

दादाने पिशवीतून बॅटरी काढली, टेबलावर ठेवली, फडक्याने पुसून अधिक-उण्याच्या खुणा पाहिल्या आणि मीटरच्या सुया लावल्या. मीटरवर आकडा आला तो उण्याचं चिन्ह पुढे घेऊन. रिकामी बॅटरी उलटी भरली गेली होती. दादाने मीटर भावाच्या नाकासमोर धरला.

"हे बघ. मीटर काय माझ्या सासरचा आहे, माझी बाजू घ्यायला?"

धाकट्याने आकडा पाहिला, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "मी लालला लालच लावलं होतं," तो म्हणाला, पण आवाज आता अर्ध्यावर आला होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या घरात पंखा बंद पडो, नळ गळो, नाहीतर शिलाई मशीनची सुई तुटो, दादाची बायको पहिला प्रश्न विचारायची, "भावजी येऊन गेले का?" धाकट्याचा हात लागला की वस्तू गेलीच, हा घरातला जुना विनोद. पाहुण्यांनासुद्धा तो पाठ झाला होता. आणि सगळ्यात रंगवून कोण सांगायचं, तर धाकटा. आपलीच फजिती तो अशी सांगायचा की लोक पोट धरून हसायचे, आणि सगळ्यांबरोबर तोही हसायचा.

विनोद सुरू झाला तो अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा दोघे भाऊ याच दुकानात बरोबरीने बसायचे. एका मास्तरांच्या स्कूटरला धाकट्याने नवा हेडलाइट बसवून दिला आणि दोन दिवसांनी त्या स्कूटरची सगळी वायरिंग जळाली. मास्तर दुकानासमोर उभे राहून नाही नाही ते बोलले. दादाने त्यांच्यादेखत भावाला सांगितलं, "तुझ्या हाताला यश नाही. तू दुसरं काहीतरी बघ." धाकट्याने दुसरं बघितलं. छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलायला लागला. दहा महिन्यांपूर्वी छापखाना बंद पडला, तेव्हापासून तो घरी.

"उद्या आठ वाजता हजर व्हायचंय," धाकटा म्हणाला. "रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोचवायचं काम आहे. स्वतःची चालू गाडी हवी, ही पहिली अट. गाडी बघूनच घेणार आहेत. नसेल तर यादीतल्या पुढच्याला बोलावतील, तसं स्पष्ट सांगितलंय."

"आणि ते तू मला आज सांगतोयस."

"आज सकाळी तर बंद पडली, दादा."

 दादाने शटर पुन्हा वर ढकललं, चष्मा नाकावर चढवला आणि सीट उघडली. त्याला राग आला होता, पण रागावण्याइतकी ताकद अंगात नव्हती, म्हणून तो नुसता पुटपुटत राहिला.

मुख्य फ्यूज उडालेला होता. तो उडणारच होता. दादाने दुकानातली तपासणीची बॅटरी ओढून आणली आणि सवयीने तिचा लाल चिमटा थेट रिलेला, म्हणजे अधिकची वायर जिथे जाते त्या डबीला, आणि काळा चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, बोल्टला लावला. गाडीच्या स्वतःच्या बॅटरीच्या वायरी बाजूला लोंबत होत्या, त्यांच्याकडे पाहायचं काही कारण नव्हतं. नवा फ्यूज घातला, तो डोळ्यादेखत गेला.

"शॉर्ट आहे," धाकटा म्हणाला.

"मला दिसतंय."

मग दादाने फ्यूजच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब जोडला. शॉर्ट असेपर्यंत बल्ब लख्ख पेटतो. एकेक जोड सोडवत जायचं, ज्या जोडाला बल्ब विझेल तिथे चोर सापडला. फ्यूज जाळत बसायला नको. गिऱ्हाइकं या युक्तीचं मोठं कौतुक करायची, आणि दादा ते कौतुक मान खाली घालून घ्यायचा. युक्ती मुळात धाकट्याची होती. त्याने ती याच टेबलावर काढली होती, दुकानात असताना. दादाला हे माहीत होतं, पण कुणी विचारत नव्हतं आणि तोही सांगत नव्हता.

धाकटा बल्बकडे बघत उकिडवा बसला. दादाने हॉर्नची वायर काढली, बल्ब तसाच. मागच्या दिव्याची काढली, तसाच. बॅटरी भरणाऱ्या रेक्टिफायरचा प्लग ओढला आणि बल्ब विझला.

"रेक्टिफायर," दोघे एकदमच म्हणाले. दादाला हे आवडलं की नाही ते त्याच्या तोंडावरून कळलं नाही.

रेक्टिफायर गेलाय म्हटल्यावर प्रश्न दुसऱ्याचा. दादाच्या दारात त्याची स्वतःची गाडी उभी होती, याच जातीची, याच साली घेतलेली. दोघा भावांनी एकाच दिवशी दोन गाड्या घेतल्या होत्या, तेव्हा त्यांचं तसं जमायचं. दादाने आपल्या गाडीची सीट उघडली आणि रेक्टिफायर काढायला घेतला.

"दादा, तुझा नको. तुला सामान आणायला जावं लागतं."

"चालत जाईन. डॉक्टर सांगतच असतात चाला म्हणून."

रेक्टिफायर बसला, दिवे लागले, पण किक मारमारून धाकट्याची पोटरी भरून आली तरी इंजिन हूं की चूं करेना. स्पार्क प्लग काढून पाहिला तर ठिणगी नाही. कॉइल तपासली, ती बरी होती. राहता राहिला सीडीआय, ठिणगी सोडणारा तो काळा डबा. तोही दादाच्या गाडीतून निघाला. आपली गाडी अशी एकेक अवयव काढून मोकळी होताना पाहून दादाला थकवा जास्तच जाणवायला लागला. कंबर वाकवून उठताना त्याने टेबल धरलं.

चहा घेऊन वहिनी जिन्यावरून उतरली. दोन्ही गाड्यांच्या उघड्या सीटा बघून तिने कपाळाला हात लावला. "एक बिघडवून आणली आणि दुसरीला पण हात लावला का, भावजी?"

"माझ्या हातात जादू आहे, वहिनी. नुसतं बघितलं तरी बिघडतं," धाकटा म्हणाला. ती हसली. तोही हसला. 

"जरा डोळे उघडे ठेवून केलं असतंस," दादा म्हणाला, "तर आज तीन जणांची दुपार वाचली असती. लाल आणि काळं. लहान पोराला कळतं."

धाकटा यावेळी लालला लाल म्हणाला नाही. "चुकलंच असेल," तो म्हणाला.

सहाच्या सुमारास ठिणगी आली. तपासणीच्या बॅटरीवर इंजिन एकदा भुरभुरून सुरूही झालं. दादाचा जीव भांड्यात पडला. आता आपल्या गाडीची बॅटरी भावाच्या गाडीत टाकायची आणि वायरी कसायच्या, झालं. बॅटरी धाकट्याने खोबणीत ठेवली. दादा पाना घेऊन वाकला आणि लाल वायर उचलून अधिकच्या टर्मिनलकडे नेली. ती पोचेना, चार बोटं कमी पडत होती.

"उलटी ठेवलीस," दादा म्हणाला. "एक काम धड नाही."

"खोबणीत अशीच बसते ना, दादा?"

"सरक."

त्याने बॅटरी उचलून फिरवली. ती जरा अडकून, तिरकी बसली, पण लाल वायर आता अधिकपर्यंत आली. दादाने ती कसली. मग उण्यासाठी काळी वायर ओढली. काळी वायर ओढली आणि तिकडे रिले हलला.

दादाचा हात तिथेच थांबला. काळी वायर जायला हवी चॅसीकडे. रिलेकडे जाते ती अधिकची, लाल. त्याने पुन्हा हलकेच ओढून बघितलं. रिले पुन्हा हलला. मग त्याने लाल वायरीवर बोट ठेवलं आणि बोट सरकवत खाली नेलं. टाकीखाली, मळाच्या थराखाली, लाल वायर सरळ चॅसीच्या बोल्टला जाऊन संपत होती.

काळी वायर उण्याला टेकवली असती तर दुसरा रेक्टिफायर आणि दुसरा सीडीआयही धुरात गेले असते. दादाच्या हातून.

आणि मग त्याला आठवलं. सहा वर्षांपूर्वी याच गाडीच्या दोन्ही वायरी गंजून तुटल्या म्हणून धाकट्याने ती दुकानात आणून लावली होती. दादा एकटाच होता, गिऱ्हाइकं दारात खोळंबलेली. जाड वायरीचा लाल तुकडा उरला होता तो आखूड. रिलेपर्यंत पोचत नव्हता. काळ्या वायरीचं भेंडोळं भरपूर होतं. कोपऱ्यावर जाऊन लाल वायर आणायला दुकानात दुसरं माणूस नव्हतं, कारण दुसऱ्या माणसाला त्याने आधीच घालवून दिलं होतं. म्हणून त्याने काळी अधिकला लावली, लाल उण्याला, वर रबरी टोपणं चढवली, आणि तात्पुरतं आहे, नंतर बदलू म्हणून एक चिकटपट्टी लावली. तीन वर्षांपूर्वी बॅटरी बदलतानाही त्याने ती पट्टी वाचली होती आणि पुन्हा म्हटलं होतं, नंतर बदलू.

त्याने बॅटरी बाहेर काढली. खोबणीच्या तळाशी, मळात, वाळून सुटलेली पिवळी पट्टी पडली होती. अक्षर त्याचंच. "काळी अधिक".

धाकटा मागे उभा राहून आपल्या गाडीची सुटी हत्यारं फडक्याने पुसत होता. दादाने पट्टी मुठीत घेतली आणि मूठ खिशात घातली.

"जा," तो म्हणाला. "कोपऱ्यावरून जाड लाल वायर घेऊन ये. हातभर."

"आता कशाला?"

"आण म्हटलं ना."

धाकटा गेला. दादा टेबलाशी स्टुलावर बसला. वायरी बदलायला दहा मिनिटं लागली असती. लाल अधिकला, काळी उण्याला, आणि जगात कुणालाही काही कळलं नसतं. भाऊ उद्या कामावर गेला असता, संध्याकाळी सगळे हसले असते, विनोदाला आणखी एक वर्ष मिळालं असतं. दादाला हे पटतही होतं. खरं बोलायचं म्हणजे सगळी दुपार परत उलगडायची, आणि तो फार दमला होता. त्याला लाजही वाटत होती.

वहिनी कप न्यायला आली. "भावजी कुठे गेले? पेटवून पळाले वाटतं."

दादा हसला नाही. तिला वाटलं, कंबर धरली असेल.

धाकटा परत आला तो जवळजवळ पळतच. वायर त्याने कागदात गुंडाळून आणली होती. त्याने ती दादाच्या हातात दिली नाही, आधी स्वतःच उलगडून दिव्याखाली धरली.

"लालच आहे ना, दादा? दुकानदाराला दोनदा विचारून घेतलं. तो चिडला माझ्यावर."

दादाने वायरीकडे पाहिलं. लालभडक होती ती. चाळिशी उलटलेला माणूस ती दिव्याखाली धरून थोरल्या भावाला विचारत होता, लालच आहे ना. दादाने खिशातून मूठ काढली आणि पट्टी टेबलावर ठेवली.

"वाच."

धाकट्याने वाचली. मग वाकून गाडीत पाहिलं. दादाने बोटाने दाखवलं, लाल कुठे जाते, काळी कुठे जाते. समजायला त्याला वेळ लागला नाही. हे काम त्यालाही येत होतंच.

"सहा वर्षांपूर्वी मी लावली," दादा म्हणाला. "लाल तुकडा आखूड पडला म्हणून. नंतर बदलू म्हटलं, बदलली नाही. तू लालला लालच लावलंस. चूक माझी आहे. मघाशी बॅटरी पण तू बरोबरच ठेवली होतीस."

धाकटा खाली पायरीवर बसला.  मग म्हणाला, "मला वाटलं माझे डोळेच गेले. गाडी ढकलत येताना सिग्नलपाशी थांबलो होतो. सुटला तरी उभाच. लाल लालच दिसतोय का बघत होतो."

 दादाने चष्मा काढला, फडक्याने पुसला, फडकं तेलकट होतं, काचा आणखी खराब झाल्या.

"दादा," धाकटा म्हणाला, "ती स्कूटर?"

या प्रश्नाची दादा अकरा वर्षं वाट बघत होता असं नाही. पण प्रश्न आला तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. तेव्हाही भाऊ याच आवाजात म्हणाला होता, मी नीट जोडलं होतं.

"ती मी उघडून बघितलीच नव्हती," दादा म्हणाला. "मास्तर बोंबलत होते. मी जळालेली वायरिंग ओढून काढली, भंगारात टाकली आणि नवी घातली. कुठे शॉर्ट झालं, कुणामुळे झालं, काही बघितलं नाही. तुझं नाव घेऊन मोकळा झालो."

"म्हणजे आता कळणार नाही."

"नाही. आता नाही कळणार."

धाकट्याने मान हलवली. रडला नाही, भांडला नाही. भांडला असता तर दादाला बरं वाटलं असतं. तो उठला, नव्या वायरीची दोन्ही टोकं सोलली आणि पक्कड दादापुढे धरली.

"तू लाव," दादा म्हणाला.

"नको. तूच लाव. मी बघतो."

दादाने आग्रह केला नाही. इतक्या वर्षांचं एका संध्याकाळी फिटतं असं समजायला तो काही पोर नव्हता. त्याने जुन्या दोन्ही वायरी काढल्या, लाल रिलेपासून अधिकपर्यंत नेली, काळी चॅसीपासून उण्याला. प्रत्येक बोल्ट कसताना तो मोठ्याने सांगत होता, लाल अधिक, काळी उणे, आणि धाकटा मागून "हं" म्हणत होता. चावी फिरवली, दिवे लागले. दुसऱ्या किकला इंजिन सुरू झालं आणि थांबलं नाही. मीटर सांगत होता, बॅटरी भरतेय. उद्या आठची काळजी मिटली.

आवाज ऐकून वहिनी जिन्यावर आली. धाकट्याने इंडिकेटर पाहिले, ब्रेकचा दिवा पाहिला, आणि हॉर्नचं बटण दाबलं. हॉर्न वाजला नाही. त्याने परत दाबलं. काही नाही.

"झालं," धाकटा म्हणाला, आणि सवयीने तोंडभर हसला. "माझा हात लागला असणार."

वहिनीही हसली.

"नाही," दादा म्हणाला. "माझा लागलाय." इंजिनच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसेल म्हणून तो जिन्याकडे वळून पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाला, "ऐकलंस का? हॉर्नची वायर मी काढली, लावायला मीच विसरलो. आणि गाडी जळाली तीही माझ्यामुळे. याच्यामुळे नाही."

वहिनीचं हसू तोंडावरच राहिलं. ती एकदा नवऱ्याकडे, एकदा दिराकडे बघत राहिली.

दादा कसाबसा गुडघ्यावर बसला आणि त्याने हॉर्नची वायर खोचली. "दाब आता."

धाकट्याने बटण दाबलं. हॉर्न वाजला. त्याने बोट काढलं नाही. मान खाली घालून तो बटण दाबून उभा राहिला, हॉर्न वाजतच राहिला, समोरच्या खिडक्या उघडल्या, कुणीतरी वरून ओरडलं. वहिनी काही बोलणार होती, पण दादाने हातानेच तिला गप्प राहायला सांगितलं. तो तसाच गाडीशी जमिनीवर बसून राहिला, आणि त्याने भावाला थांबवलं नाही.